पहिला ट्रॅक डे: हॉर्सपॉवर राहू द्या, ब्रेक ऑइल बदला

पत्र: मी ४३ वर्षांचा, बाणेर, पुणे येथे राहतो. दीड वर्षापूर्वी २०१८ची पोर्शे ७१८ केमन घेतली (दोन लिटर टर्बो, पीडीके म्हणजे पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही चौघे मित्र ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ट्रॅक डेला (रेसिंगच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस) जाणार आहोत. माझी ही पहिलीच वेळ. एक मित्र म्हणतो पीएसएम (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बंद केल्याशिवाय मजा नाही, दुसरा म्हणतो आधी ईसीयू रिमॅप कर (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदल). तिसऱ्याचे ब्रेक मागच्या वेळी चौथ्या लॅपला ‘गेले’ होते, त्यामुळे घरी काळजी आहे. गाडीत नेमकं काय बदलू? ताम्हिणी घाटात सराव केला तर चालेल का? विमा लागू होतो का? गाडी चालवत नेऊ की ट्रकवर टाकू? आणि पहिल्या दिवशी किती लॅप टाइम आला तर बरा म्हणायचा? – एक वाचक, पुणे

उत्तर:

ज्याचे ब्रेक गेले त्या मित्राचं आधी बोलू. तुमच्या पत्रातली कामाची बातमी तीच आहे. बाकी दोघांचे सल्ले तूर्त बाजूला ठेवा.

बुद्ध सर्किट एका फेरीला ५.१२५ किलोमीटरचं आहे, १६ वळणांचं, घड्याळाच्या दिशेने फिरणारं. तिसरं वळण संपलं की चौथ्यापर्यंत किलोमीटरभराहून थोडा जास्त सरळ रस्ता लागतो. तुमची ३०० अश्वशक्तीची गाडी त्याच्या टोकाला ताशी २१०-२२० सहज गाठेल आणि मग तिला ७०च्या आसपास आणावं लागेल. तुम्ही आणि पेट्रोल धरून गाडीचं वजन साधारण १,४५० किलो होतं. २२० वरून ७० वर येताना सुमारे २४ लाख ज्यूल ऊर्जा चार-पाच सेकंदांत ब्रेकमध्ये उतरते. एवढ्या उष्णतेत सात लिटर साधं पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. हे झालं एकाच वळणाचं. फेरीत आणखी चार-पाच ठिकाणी जोरात ब्रेक लागतात आणि अडीच मिनिटांनी तेच वळण पुन्हा समोर असतं. दोन फेऱ्यांच्या मध्ये डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्या) पूर्ण थंड होतच नाहीत, उष्णता साचत जाते. म्हणूनच ब्रेक पहिल्या लॅपला न जाता चौथ्याला जातात.

‘ब्रेक गेले’ असं आपण म्हणतो तेव्हा दोन निराळ्या गोष्टींपैकी एक झालेली असते. कोणती, ते पाय सांगतो. पेडल नेहमीसारखं टणक आहे पण गाडी हवी तशी थांबत नाही, म्हणजे पॅड (डिस्कला घासून गाडी थांबवणारे तुकडे) त्यांच्या तापमानाच्या पलीकडे गेले. पॅडमधलं बाइंडर (कण धरून ठेवणारा पदार्थ) जळून वायू सुटतो, पकड कमी होते, पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे) आल्यावर उग्र वास येतो. ही अवस्था हळूहळू येते, सावध व्हायला वेळ मिळतो. दुसऱ्या प्रकारात पेडल मऊ पडतं आणि नेहमीपेक्षा खोल जातं. कॅलिपरमधलं (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातलं) ब्रेक ऑइल उकळून त्याची वाफ झालेली असते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, त्यामुळे तुमच्या पायाचा जोर पिस्टनपर्यंत पोचतच नाही. हे एका वळणापासून पुढच्या वळणापर्यंतसुद्धा होऊ शकतं. घाबरायचं ते याला, आणि टाळायला सगळ्यात स्वस्तही हेच आहे.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. साध्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकानुसार किमान १५५ अंश उरला तरी ते ‘पास’ असतं. दोन पावसाळे पाहिलेल्या पुण्यातल्या गाडीत कुठला आकडा खरा धरायचा, हे वेगळं सांगायला नको. गाडी जुनी घेतलीत, तेव्हा आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं याची पावती शोधत बसू नका, सरळ बदला. मोतुल आरबीएफ ६०० (कोरडा, म्हणजे पाणी मुरण्याआधीचा, उत्कलनबिंदू ३१२ अंश) किंवा कॅस्ट्रॉल एसआरएफ (३२० अंश) यांपैकी काहीही चालेल. एसआरएफ महाग आहे, पण पाणी मुरल्यावरही २७० अंशांपर्यंत टिकतं. वर्षातून एकदाच बदलायचं असेल तर तेच परवडतं. संपूर्ण फ्लशला (जुनं काढून नवं भरायला) साधारण लिटरभर लागतं. डबा सीलबंदच हवा, शेल्फवर उघडा पडलेला अर्धा डबा नको. आणि डॉट ५ लिहिलेलं सिलिकॉनचं ऑइल चुकूनही भरू देऊ नका, ते तुमच्या गाडीसाठी नाही. डॉट ५.१ हा वेगळा प्रकार, त्याच्याशी गल्लत होते.

ब्लीड करताना (ऑइलमधली हवा काढताना) मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा. या कॅलिपरना बाहेर एक आणि आतल्या बाजूला एक, असे दोन ब्लीड निपल असतात. आतला अडचणीचा म्हणून बऱ्याच गॅरेजमध्ये तो राहून जातो आणि हवा तिथेच अडकते. काम निघण्याआधी आठवडाभर करा. नंतर एकदा जोरात ब्रेक दाबून पेडल तपासायला वेळ हवा.

पॅडबद्दल. कंपनीचे पॅड पहिल्या दिवसाला पुरतात, पुढे सांगतो तसं चालवलंत तर. पुढच्या पॅडची जाडी निम्म्याहून जास्त उरलेली हवी. निम्म्याच्या खाली असतील तर नवे टाका, कारण पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती थेट पिस्टनमधून ऑइलकडे जाते. ट्रॅकसाठीचे पॅड चढ्या तापमानाला उत्तम, पण थंड असताना चावत नाहीत, बाणेर रोडच्या सिग्नलला किंचाळतात आणि डिस्क लवकर खातात. दुसऱ्या-तिसऱ्या ट्रॅक डेला त्यांचा विचार करा. नवे पॅड, कुठलेही असोत, आधी बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ९०-१०० वरून ३० पर्यंत आठ-दहा वेळा ठामपणे ब्रेक, मध्ये पूर्ण थांबायचं नाही, मग दहा मिनिटं ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी चालवून गार करायची. हे न करता ट्रॅकवर नेलेले नवे पॅड पहिल्याच सत्रात वायू सोडतात आणि माणूस समजतो पॅडच वाईट निघाले. डिस्क भोकांच्या आहेत. भोकांपाशी केसासारख्या बारीक रेषा दिसल्या तर लगेच घाबरू नका, मात्र एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत किंवा डिस्कच्या कडेपर्यंत पोचलेली चीर दिसली तर ती डिस्क संपली.

रिमॅप नको. आहे तेवढ्या ताकदीनेच ब्रेक उकळतात, त्यात आणखी भर कशाला? रुंद टायर, एक्झॉस्ट, खाली केलेलं सस्पेन्शन, यातलं काहीही पहिल्या दिवसाआधी करू नका. गाडीचा मूळ स्वभाव कळण्याआधी तिच्यात बदल केले की पुढे कुठलीही खोड गाडीची की बदलाची, हे कधीच उमगत नाही.

टायरवर मात्र वेळ घाला. टायरच्या बाजूला कोरलेल्या, ‘डॉट’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहा. ‘२३१८’ म्हणजे २०१८चा २३वा आठवडा. गाडीसोबत आलेले मूळ टायर अजून असतील तर नक्षी कितीही शिल्लक असली तरी त्यांच्यावर ट्रॅकवर जाऊ नका. रबर कडक झालेलं असतं. नक्षी किमान ४ मिलिमीटर हवी आणि टायरच्या बाहेरच्या खांद्याकडे विशेष बघा. कारखान्यातून आलेल्या अलाइनमेंटला कॅम्बर (चाकाचा वरच्या बाजूने आत झुकाव) कमी असतो, त्यामुळे ट्रॅकवर पुढचा बाहेरचा खांदा सगळ्यात आधी झिजतो. बुद्धवर उजवी वळणं महत्त्वाची आणि लांब असल्याने हे हाल डाव्या टायरचे जास्त होतात.

हवेचा हिशोब लोक उलटा करतात. ट्रॅकवर टायर तापला की दाब ६ ते ८ पीएसआयने चढतो. त्यामुळे महत्त्वाचा आकडा सत्र संपून पिटमध्ये आल्याबरोबर मोजलेला, गरम टायरचा. रस्त्याच्या टायरला गरम असताना ३३ ते ३५च्या दरम्यान ठेवायचा बेत धरा. सकाळी थंड टायरला साधारण २८ ने सुरुवात करा, पहिल्या सत्रानंतर दोन मिनिटांच्या आत चारही चाकं मोजा, जास्त असेल तेवढी हवा सोडा. दुसऱ्या सत्रानंतर पुन्हा. दिवसभरात हवा फक्त सोडलीच जाते, म्हणून संध्याकाळी टायर गार झाल्यावर दाब २५-२६ वर आलेला असेल. त्याच दाबावर यमुना एक्स्प्रेसवेला लागलेली गाडी म्हणजे टायर फुटायला आमंत्रण. रस्त्यावर उतरण्याआधी गाडीच्या स्टिकरवरच्या दाबापर्यंत हवा भरायची. स्वतःचा गेज आणि छोटा कंप्रेसर सोबत ठेवा, पेट्रोल पंपावरच्या मीटरवर दोन पीएसआयचा फरक सहज निघतो. तुमच्या गाडीला स्टेपनी नाही, तेव्हा पंक्चरचं किटही तपासून घ्या.

फेब्रुवारीत नोएडाची सकाळ गार असते. थंड टायर पहिल्या फेरीत धरत नाहीत. पहिल्या फेरीतल्या पहिल्याच वळणाला गाडी फिरण्यामागे बहुतेक वेळा एवढंच कारण असतं.

बाकी तयारी थोडक्यात. ७१८ला ऑइलची डिपस्टिक नाही, पातळी स्क्रीनवरच दिसते, म्हणून इंजिन गरम असताना सपाट जागेवर मोजा आणि कमाल खुणेच्या वर भरू नका. चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) १६० न्यूटन-मीटरला आवळा, सकाळी एकदा आणि पहिल्या सत्रानंतर चाकं निवल्यावर एकदा. टायरवाल्याच्या एअर गनवर विसंबू नका. टो हुक (गाडी ओढायचा आकडा) टूलकिटमधून काढून बंपरमध्ये बसवता येतो का ते घरीच करून पाहा. गाडी खडीत रुतल्यावर मार्शल उभे असताना ते शोधण्यात शोभा नाही. फ्लोअर मॅट, पाण्याच्या बाटल्या, फोनचा होल्डर, डिकीतली छत्री, सगळं बाहेर. पेडलखाली घरंगळलेली बाटली रिमॅपपेक्षा जास्त काम करते. पेट्रोल ९५ ऑक्टेनच्या खालचं नको. ट्रॅकवर ते रस्त्याच्या तिप्पट-चौपट दराने संपतं. २० मिनिटांच्या सत्रात जेमतेम ४० किलोमीटर होतात आणि १५ लिटरपर्यंत जातं. टाकी पाव भागाखाली येऊ देऊ नका. दहावं-अकरावं हे लांबलचक उजवं वळण आहे, त्यात पेट्रोल टाकीच्या एका बाजूला सरकतं आणि इंजिन ऐन वळणात चुकू शकतं.

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं. मोटारगाड्यांच्या हेल्मेटवर स्नेल एसए खूण असते (एसए २०२० वगैरे), त्याचं अस्तर आग सहन करतं. मोटरसायकलच्या हेल्मेटला ते बंधन नसतं. आयोजक काय स्वीकारतात ते आधी विचारा. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पायात पातळ तळव्याचे बूट. जाड तळव्याच्या स्पोर्ट शूजमधून पेडल कळतच नाही. कुणी चार-पॉइंट हार्नेस देऊ केला तर नाही म्हणा. तो योग्य सीट आणि मानेच्या आधाराशिवाय गाडीतल्या बेल्टपेक्षा जास्त घातक ठरू शकतो. त्याऐवजी सीट एक-दोन खाचा मागे घ्या, बेल्ट झटक्याने लॉक करा आणि मग सीट पुढे आणा. बेल्ट मांड्यांवर घट्ट बसतो, अंग वळणात घसरत नाही. सीट इतकी जवळ हवी की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकेल आणि ब्रेक पूर्ण दाबूनही गुडघा वाकलेला राहील. आपल्याकडे लोक फार मागे रेलून बसतात, आणि मग वळणात स्टिअरिंगला लोंबकळतात.

आता प्रत्यक्ष चालवणं. इथे आमचं एक म्हणणं आहे, आणि ते तुमच्या मित्रांना पटणार नाही: पहिल्या दिवशी सरळ रस्त्यावर वेग कापा. चौथ्या वळणाकडे जाताना १८० झाले की अ‍ॅक्सिलरेटर अर्धा सोडा आणि तिथेच धरा. २२० ऐवजी १८० वरून ब्रेक मारलात तर डिस्कमध्ये जाणारी उष्णता तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी होते. आणि थांबायचं अंतर बघा. ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) इतक्या ठाम पण घाबरवणाऱ्या नव्हे अशा ब्रेकने २२० वरून ७० व्हायला २१० मीटरच्या पुढे लागतात, १८० वरून १३५. म्हणजे वळण २०० मीटरवर असल्याचा फलक पाहून ब्रेक दाबणारा नवखा पूर्ण वेगात असेल तर त्याला अंतर पुरतच नाही. १८० वर असेल तर साठ-सत्तर मीटर हाताशी उरतात. गमावता किती? त्या सरळावर एक सेकंद, फार तर. सरळ रस्त्यावर उजवा पाय दाबायला कौशल्य लागत नाही, तिथे शिकण्यासारखं काही नाही. शिकायचं ते ब्रेकमध्ये आणि वळणात आहे, आणि त्यासाठी ब्रेक संध्याकाळपर्यंत टिकायला हवेत.

ब्रेकची रस्त्यावरची सवय ट्रॅकवर नेमकी उलटी करायची असते. रस्त्यावर आपण हळू सुरुवात करून शेवटी जोर वाढवतो. ट्रॅकवर चाकं सरळ असताना, सुरुवातीलाच पूर्ण जोर लावायचा आणि वळणाजवळ येत जाऊ तसा तो सोडत आणायचा. वेग जास्त असताना हवेचा विरोधही ब्रेकला साथ देतो, शेवटी मारलेला जोर स्टिअरिंगच्या वाट्याची पकड खातो. पाय सोडताना एकदम उचलू नका, नाहीतर पुढचा भाग वर येतो आणि गाडी वळायला कुरकुरते.

तिसरं वळण चढावर आहे, प्रवेशाला मुद्दाम रुंद केलेलं. रुंदी पाहून माणूस लवकर आत शिरतो आणि बाहेर पडताना रस्ता संपतो. डाव्या कडेला थांबा, वाटतं त्यापेक्षा उशिरा वळा, आतली कड उशिरा गाठा. गाडी सरळ झाली की अ‍ॅक्सिलरेटर. पुढे किलोमीटरभर सरळ आहे, तेव्हा इथून बाहेर पडतानाच्या वेगावर सगळं अवलंबून असतं, आत शिरतानाच्या नव्हे.

दहावं-अकरावं वळण हे आत कललेलं लांब उजवं वळण. तुमच्या गाडीसाठी सगळ्यात जपायची जागा हीच. इंजिन सीटच्या मागे आहे, गाडी त्यामुळेच इतकी चपळ आहे, पण मागचं वजन एकदा सुटलं की गाडी झपाट्याने फिरते. वळणाच्या मध्यावर ‘वेग जास्त झाला’ असं वाटून नवखा माणूस पाय झटकन उचलतो. वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि वेग जेमतेम असूनही मागची बाजू बाहेर निघते. म्हणून इथे आत शिरतानाच दहा किलोमीटर कमी ठेवा आणि मग पाय एका जागी स्थिर. जास्त वाटलं तर पाय हळू, मिलिमीटरने, आणि नजर वळणाच्या शेवटाकडे. सुटलीच, तर स्टिअरिंग घसरणीच्या दिशेने. तरीही फिरली तर ब्रेक पूर्ण दाबून गाडी थांबेपर्यंत दाबूनच ठेवा, म्हणजे ती कुठे जाईल याचा अंदाज मागच्याला येतो. दोन चाकं ट्रॅकबाहेर गेली तर स्टिअरिंग झटकून परत आत आणू नका. गाडी सरळ ठेवा, वेग उतरू द्या, मग आत या. ट्रॅकच्या पलीकडच्या भिंतीवर आदळणाऱ्या बहुतेक गाड्या या झटक्याने तिकडे गेलेल्या असतात.

पीएसएम चालूच. स्पोर्ट क्रोनो (पोर्शेचं ऐच्छिक पॅकेज) असेल तर ‘पीएसएम स्पोर्ट’ हा त्याचा सैल मोडसुद्धा दुपारनंतर आणि शेजारी इन्स्ट्रक्टर असेल तरच. डॅशबोर्डवर पीएसएमचा पिवळा दिवा लुकलुकला की समजा, त्या जागी तुमचा हात किंवा पाय खडबडीत पडला. दिवसभरात तो कुठे कुठे लागला हे आठवून पाहा, सुधारायच्या जागांची यादी तयार मिळते. ज्या फेरीत तो एकदाही लागला नाही आणि तरी वेग तोच राहिला, ती चांगली फेरी. गिअरबॉक्स सकाळच्या सत्रांना स्पोर्ट मोडमध्ये ऑटोवर राहू द्या, पीडीकेला गिअर तुमच्यापेक्षा बरे कळतात. आणि आयोजकांकडे इन्स्ट्रक्टर मिळत असेल तर पहिली दोन सत्रं घ्याच. पॅडवर खर्च करायचे पैसे इथे घाला.

एका सत्राची मांडणी अशी ठेवा: पहिली फेरी टायर-ब्रेक गरम करायला, मग तीन फेऱ्या नेटाने, मग एक पूर्ण फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता, आणि पिट. २० मिनिटं मिळाली म्हणून २० मिनिटं जोरात चालवायची नसतात. पेडल किंचितही खोल गेलं तर त्याच फेरीत आत या. वळणाआधीच पेडल मऊ लागलं तर दोन-तीनदा पटापट पंप करा, गिअर उतरवा, आणि गाडी वळवायचा हट्ट न धरता सरळ बाहेरच्या मोकळ्या जागेत जाऊ द्या. पिटमध्ये आल्यावर ब्रेकवर पाय ठेवून उभे राहू नका, हँडब्रेकही नको. तापलेला पॅड एकाच जागी दाबून राहिला की डिस्कवर त्याचा ठसा उमटतो आणि मग घरी परतताना स्टिअरिंग थरथरतं. पी मध्ये टाका, चाकाखाली लाकडी ठोकळा. इंजिन मिनिट-दोन मिनिटं चालू राहू द्या, टर्बो निवतो. डिस्कवर पाणी मारायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका.

झेंडे सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सांगतील, तरी पाठ करूनच जा. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे सत्र थांबलं, हळू आत या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. काळा तुम्हाला दाखवला तर मुकाट्याने पिटमध्ये. ओव्हरटेक बहुधा फक्त सरळ रस्त्यावर आणि पुढच्याने हात किंवा इंडिकेटर दिल्यावरच असतं. कुठल्या बाजूने, ते विचारून घ्या. आणि चौघांनी वेगवेगळ्या गटांत नावं नोंदवा. नवख्याला वेगापेक्षा आरशात दिसणारा मित्र जास्त महागात पडतो.

ताम्हिणीत सराव? नाही. समोरून एसटी येणाऱ्या, वळणावर खडी सांडलेल्या रस्त्यावर ट्रॅकवरची एकही गोष्ट शिकता येत नाही, कारण तिथे पूर्ण रुंदी वापरता येत नाही आणि पूर्ण ब्रेकही मारता येत नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, हे वेगळंच. त्याऐवजी बुद्धचे गाडीतून घेतलेले व्हिडिओ पाहून १६ वळणांचा क्रम तोंडपाठ करा. पहिलं सत्र ‘आता उजवं की डावं’ यात वाया जात नाही. पुढेमागे लहान सर्किट हवं असेल तर कोइमतूरचं करी मोटर स्पीडवे बघा. साधारण दोन किलोमीटरचं आहे, सरळ रस्ते आखूड, वळणं पटापट परत येतात, ब्रेकवर दया असते. शिकायला खरं तर तसंच सर्किट बरं.

विम्याची पॉलिसी काढून ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग वाचा. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, रिलायबिलिटी ट्रायल, स्पीड टेस्टिंग हे वापर वगळलेले असतात. ‘ही शर्यत नव्हती’ असा वाद घालता येईल, पण बंपर हातात घेऊन तो घालायची वेळ नको. कंपनीला ईमेलने विचारा, उत्तर लेखी घ्या, आणि लेखी होकार नसेल तर स्वतःच्या खिशातूनच भरावं लागेल असं धरून चाला. आयोजकांचा इंडेम्निटी फॉर्मही (नुकसानीच्या जबाबदारीचं हमीपत्र) सही करण्याआधी वाचा. रेलिंगचं नुकसान कुणी भरायचं, ते बहुधा त्यातच असतं. घरच्यांच्या काळजीला हे उत्तर आधी द्या, बाकीचं नंतर.

गाडी बंद ट्रकमधून पाठवा. पुण्याहून एका बाजूचं अंतर चौदाशे किलोमीटरच्या पुढे जातं. जाताना तुम्ही थकून पोचाल हे एक, पण मुख्य अडचण परतीची. दिवसभरानंतर पॅड किती उरतील, टायरचा खांदा शिल्लक राहील का, हे आधी सांगता येत नाही. दमलेला माणूस, झिजलेले पॅड आणि रात्रीचा महामार्ग हा मेळ नको. ट्रकवर चढवण्याआधी समोर, मागे आणि चारही रिमचे फोटो काढा, आरसी, पीयूसी आणि विम्याच्या प्रती ट्रकवाल्याकडे द्या.

लॅप टाइमचं म्हणाल, तर पहिल्या दिवशी फोनवरचं लॅप टायमर लावूच नका. काही आयोजक तसंही लावू देत नाहीत, वेळ मोजली की ती स्पर्धा ठरते म्हणून. तुलनेला हवाच असेल तर फॉर्म्युला वन चालक सेबास्टियन फेटलचा इथल्या २०११च्या शर्यतीतला १ मिनिट २७.२४९ सेकंदांचा आकडा आहे. तो घरी चहा पिताना बघायचा. तुम्ही त्याऐवजी ब्रेक कुठे दाबला ते फलकानुसार लक्षात ठेवा आणि प्रत्येक सत्रानंतर कागदावर लिहा: चौथ्या वळणाला २००, पहिल्याला १५०, असं. त्याच जागी सलग तीन फेऱ्या दाबता आला, तरच पुढच्या सत्रात दहा मीटर पुढे सरका.

दुपारी जेवण हलकं घ्या आणि पाणी सकाळपासून पीत राहा. शेवटचं सत्र सोडून द्यायला मन तयार ठेवा, तोवर टायर, पॅड आणि चालक तिघंही थकलेले असतात. मित्राला शेजारी बसवायचं असेल तर पुढच्या खेपेला. संध्याकाळी गाडी निवल्यावर पॅडची जाडी मोजून लिहून ठेवा, टायरच्या डाव्या बाहेरच्या खांद्याचा फोटो घ्या (कॅम्बर बदलायचा की नाही ते पुण्यात अलाइनमेंटवाल्याला त्यावरूनच सांगता येईल), हवा भरा, आणि बोल्टांना पुन्हा एकदा टॉर्क रेंच लावल्याशिवाय गाडी ट्रकवर चढवू नका.